ठिणगीवाले तात्या

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीमागे बायोगॅसवर चालणारं इंजिन असलं, की तिथे एक तात्या असायचेच. कधीच निवृत्त झालेले, पण घरी न गेलेले. खिशात फीलर गेज, कानावर पेन्सिल आणि तोंडी डिझेलची निंदा.

"डिझेलचं काय, दाबलं की पेटलं! मिथेन असा कुणाच्या दाबाला बळी पडत नाही. त्याला ठिणगी लागते."

"शेवटी दोन्हीकडे पिस्टनच ना?" असं एखादा नवखा इंजिनिअर बोलून गेला, तर त्याची शिफ्ट १८६० सालात जाते. लेन्वार नावाच्या गृहस्थाचं तेव्हाचं इंजिन गॅस न दाबताच पेटवायचं. खायचं बकाबका आणि काम चिमूटभर. १८७६ साली जर्मनीत ऑटो नावाच्या गृहस्थानं आत घे, दाब, पेटव, बाहेर टाक असे चार फेरे लावून दिले. "म्हणजे तुझी मोटरसायकलसुद्धा आमच्याच खानदानातली!"

अल्कोहोल काढून उरलेलं काळं स्पेंटवॉश टाकीत कुजतं, त्यातून गॅस येतो. निम्म्याहून जास्त मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडासाच, पण महाखोडसाळ हायड्रोजन सल्फाइड. स्क्रबरमध्ये तो धुऊन काढला नाही, तर इंजिनातलं ऑइल नासतं, बेअरिंगं खाल्ली जातात. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. तात्या समजूत घालतात, "वास येतोय ना? मग बिनघोर राहा. यायचा थांबला, की पळा." पाहुणे हसतात. प्रमाण वाढलं की हा वायू आधी नाकच बधिर करतो, हे त्यांना नंतर कोणीतरी सांगतं. मीटरबिटरवर आपला विश्वास नाही, असं तात्या चारचौघांत म्हणतात. खिशातल्या रुमालाआडून गॅस डिटेक्टर मात्र डोकावत असतो.

गॅसमधल्या ऊर्जेपैकी साधारण ४० टक्क्यांची वीज होते. उरलेली बरीचशी उष्णता जॅकेटच्या पाण्यात आणि धुरात जाते. तिच्यावर बॉयलरचं पाणी तापवावं, असा साहेबांचा बेत. त्या गरम पाण्याची पहिली बादली तात्यांच्या आंघोळीची, हे कुठल्याही नकाशात नाही, पण ठरलेलं आहे.

पॅनेलवर सगळे दिवे हिरवे असतानाही तात्या कान टवकारतात. "नॉकिंग होतंय, लोड उतरव." पोरगं कुरकुरत उतरवतं.

शिफ्ट सुटली की ते ऊस टाकून परत निघालेल्या ट्रॅक्टरवर चढतात. तो डिझेलचा. मग गाव येईपर्यंत ड्रायव्हरला ऐकावं लागतं, की तुझं इंजिन नीट वाजत नाही.