पुस्तक मिटा

कॉलेजं सुरू झाली की महिन्याभरात सभागृहात प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं जातं. प्रथम वर्षाची मुलं दोन तास ऐकतात. शून्यातून वर आलेल्या माणसांच्या गोष्टी असतात, मुलं मनापासून टाळ्या वाजवतात. रात्री खोलीवर येऊन पुस्तक उघडतात आणि सुरुवात कुठून करायची, या प्रश्नापाशी अडतात. दोन तासांत त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नसतं. मला या कार्यक्रमांचा राग येतो, तो यासाठी.

कारण निदानच चुकलेलं आहे. मुलांना इच्छा नाही, असं धरून हे औषध दिलं जातं. लातूर-नांदेडला कॉट बेसिसवर राहून, पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास करून सीईटी दिलेल्या पोराला इच्छा नव्हती? त्याच्याकडे इच्छा भरपूर होती. वेळापत्रक मात्र क्लासचं होतं. चाचणीचा दिवस क्लासनं ठरवलेला, चुकलेला प्रश्न फळ्यावर सोडवणारे सर क्लासचे, मोबाइल काढून घेणारे वडील. अभ्यास पोरानं केला, पण त्याची सवय दुसऱ्यांच्या हातात राहिली. कॉलेजात आल्या दिवशी ते सगळे हात एकदम निघून गेले. बारा वर्षं दुसऱ्यांनी प्रश्न विचारले; स्वतःला प्रश्न विचारायला कुणी शिकवलंच नाही.

मग त्या रिकाम्या जागेत सबमिशन येऊन बसतं. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात सीनिअरची फाइल समोर ठेवून रात्रभर जर्नल उतरवायचं. न केलेल्या प्रयोगाची रीडिंगं, न काढलेला निष्कर्ष. सही मिळते, टर्म वर्कचे मार्क मिळतात, आणि हाताला तेवढी कळ लागते. याला अभ्यास म्हणणं ही आपल्या कॉलेजांनी मुलांची केलेली फसवणूक आहे. पुढे पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागते. व्हॉट्सॲपवर आयएमपी प्रश्नांची यादी फिरते. नोट्स एकदा, दोनदा, पाचदा वाचून होतात, हायलायटरनं पानं पिवळी होतात. पेपरात मात्र ‘वाचलं होतं, पण आठवलं नाही’. निकालात एटीकेटी.

हे का होतं, याचं उत्तर सापडलेलं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटानं तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा त्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील, अशी खात्री कुणाला होती? वाचणाऱ्यांना! पीएलमधल्या रात्रींचा सगळा घोळ या एका प्रयोगात आहे.

पुन्हा पुन्हा वाचल्यानं मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळख झाली की आपल्याला ते येतं असं वाटू लागतं. थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात कार्नो चक्राचा आलेख पाहिला की ‘हे येतंय’ म्हणून पान उलटलं जातं. पुस्तक मिटून तोच आलेख कोऱ्या कागदावर काढायला घ्या. चारपैकी तिसरी पायरी काही केल्या आठवत नाही. ते अडणं फार मोलाचं आहे. आपल्याला नेमकं काय येत नाही, हे तिथं कळतं, तेही परीक्षेच्या आधी.

हे आपल्याला नवं नाही. दिवेलागणीनंतर घराघरांत परवचा होत असे. पाढे, पावकी, निमकी, दिडकी रोज पुस्तकाशिवाय म्हणायची. अडलं की आजी पुढचा आकडा सांगायची आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज थोडं, आणि तेही आठवून. परवच्याला आपण घोकंपट्टी म्हणून मोडीत काढलं. त्यातलं न कळता पाठ करणं सोडायलाच हवं होतं. रोज आठवून पाहण्याची शिस्तही त्याबरोबर गेली, हे नुकसान झालं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना एक वेगळं सांगायचं आहे. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं पाठ करू नका. पुस्तक मिटून आधी मराठीत सांगा, रूममेटला सांगा, भिंतीला सांगा. एंट्रॉपी हा शब्द इंग्रजीच राहू दे, पण ती वाढते म्हणजे काय होतं, हे आईला समजेल अशा भाषेत सांगता आलं पाहिजे. ते जमलं की इंग्रजीत लिहिणं सरावाचा भाग आहे.

मूड लागण्याची वाट पाहणारे पुष्कळ भेटतात. मूड आधी येत नाही. काल न आठवलेली पायरी आज आठवली की बसावंसं वाटतं, आणि ही ओढ कुठल्याही टाळ्यांपेक्षा जास्त टिकते.

प्राध्यापकांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, कालच्या भागावर दोन प्रश्न, वही बंद, उत्तर चिठ्ठीवर. मार्क देऊ नका, चिठ्ठ्या गोळाही करू नका. मुलांना आपलं आपल्याला कळू द्या. यासाठी निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही, पाहुणा तर मुळीच लागत नाही. ज्या कॉलेजला व्याख्यानाला दोन तास मिळतात, त्याला ही पाच मिनिटं मिळत नाहीत, हे मी मान्य करणार नाही.

आणि मुलांनो, प्राध्यापकांसाठी थांबू नका. आज रात्री झोपण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या. आजच्या एकाच तासातलं आठवेल तेवढं लिहा. दहा मिनिटं पुरतात. अडेल तिथं जागा सोडा, आणि वही सकाळी उघडा.