पाचामुखी रॅपर

सर्वकालीन श्रेष्ठ रॅपर ठरवण्याचा वाद हा हिपहॉपच्या चाहत्यांचा पारंपरिक बैठा खेळ आहे. त्याला किमान दोन खेळाडू लागतात. कमाल संख्येला मर्यादा नाही. साहित्य काही लागत नाही. ज्या अल्बमवर बोलायचे तो ऐकलेला असणेही बंधनकारक नाही. प्रत्येकाने आपले पाच रॅपर सांगायचे आणि समोरच्याचे पाच ऐकून कपाळावर हात मारायचा, एवढाच नियम. पाच नावे सांगण्याची ही सवय इतकी पक्की आहे की ख्रिस रॉकच्या २०१४च्या चित्रपटाचे नावच ‘टॉप फाइव्ह’ आहे, आणि त्यातली पात्रे गप्पांच्या ओघात एकमेकांना आपापले पाच ऐकवतात. मराठीत पाचामुखी परमेश्वर बोलतो. येथे प्रत्येकाच्या मुखी पाच परमेश्वर असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

संज्ञा : सर्वश्रेष्ठ रॅपरला चाहते ‘गोट’ म्हणतात. ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या चार शब्दांची आद्याक्षरे जुळवून हा शब्द झाला. मुष्टियोद्धा मुहम्मद अली स्वतःला सर्वश्रेष्ठ म्हणवत असे. त्याच्या पत्नीने १९९२मध्ये याच आद्याक्षरांची कंपनी नोंदवली. रॅपमध्ये शब्द रुजला तो २०००मध्ये, एलएल कूल जे याच्या अल्बममुळे. अल्बमचे नाव ‘गोट’ होते आणि नावातला सर्वश्रेष्ठ तो स्वतः होता. पदवी देणारा आणि घेणारा एकच असल्याने समारंभाचा खर्च वाचला. इंग्रजीत गोट म्हणजे बकरा, मराठीत गोट म्हणजे छावणी. वादात दोन्ही अर्थ चालतात : चाहते आपापल्या गोटात बसतात आणि समोरच्याच्या यादीतला बकरा शोधतात.

उगम : स्वतःची थोरवी गाणे हा रॅपचा मूळ विषय असल्याने वादाची सुरुवात चाहत्यांनी केली असे म्हणता येत नाही. १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हार्लेम वर्ल्ड’ क्लबात बिझी बी हा रॅपर गर्दीला हसवत, ओरडायला लावत कार्यक्रम करत होता. कूल मो डी मंचावर आला आणि त्याने बिझी बीची शब्दाशब्दाने चिरफाड केली. गर्दी खूश करणारा मोठा की शब्द रचणारा मोठा, हा प्रश्न त्या रात्री उभा राहिला आणि अजून उभाच आहे, कारण त्याला कोणी बसू देत नाही.

त्याच कूल मो डीने १९८७च्या अल्बमसोबत इतर रॅपरांचे प्रगतिपुस्तक छापले. शब्दसंग्रह, आवाज, मंचावरचा वावर अशा निकषांवर गुण दिले होते. स्वतःला त्याने ‘ए प्लस’ दिला. २००३मध्ये पन्नास श्रेष्ठ रॅपरांवर त्याने पुस्तक लिहिले. त्यातही एक नाव त्याचे आहे. परीक्षार्थीनेच पेपर तपासण्याची ही पद्धत पुढे सर्वमान्य झाली. एमिनेमने २००२च्या एका गाण्यात आवडते रॅपर मोजताना स्वतःचे नाव शेवटी, नवव्या जागी ठेवले. या क्षेत्रात ही विनयाची परिसीमा समजली जाते.

निकष : वादात निकषांना फार महत्त्व आहे. नाव आधी ठरते, निकष नंतर निवडला जातो. मुलगा पसंत पडल्यावर पत्रिका जुळवून घ्यावी, तसा हा प्रकार.

पहिला निकष खपाचा. ज्याचा रॅपर खपतो, तो चाहता हा निकष काढतो. त्यावर समोरून एकच नाव येते : एमसी हॅमर. त्याच्या १९९०च्या अल्बमला एक कोटी प्रतींचे ‘डायमंड’ प्रमाणपत्र मिळाले. रॅपमध्ये हा मान मिळवणारा तो पहिला. हॅमर आजवर कोणाच्याही पाचात आलेला नाही, त्याच्या ढगळ विजारीच तेवढ्या लोकांच्या स्मरणात आहेत. उलट नास याच्या १९९४च्या ‘इलमॅटिक’ची गणना सर्वोत्तम अल्बममध्ये होते, आणि त्याच्या दहा लाख प्रतींचे प्रमाणपत्र यायला २००१ उजाडले. येथून पुढे खप हा निकष हलक्या लोकांचा ठरतो.

दुसरा निकष पुरस्कारांचा. तो फार वेळ टिकत नाही. टूपाक शकूर आणि बिगी यांना एकही ग्रॅमी मिळाला नाही. नासला पहिला ग्रॅमी २०२१मध्ये मिळाला, तोवर ‘इलमॅटिक’ सत्तावीस वर्षांचा होत आला होता. २०१४मध्ये केंड्रिक लामारला मागे टाकून मॅकलमोर आणि रायन लुईस यांना सर्वोत्तम रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला, तेव्हा मॅकलमोरने केंड्रिकला संदेश पाठवून माफी मागितली आणि तो संदेश जगाला दाखवलाही. चार वर्षांनी केंड्रिकला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. शास्त्रीय आणि जॅझ यांच्या बाहेरच्या संगीताला मिळालेले ते पहिलेच. त्या दिवसापुरता पुरस्कार हा निकष पुन्हा वैध झाला.

तिसरा निकष शब्दसंपत्तीचा. २०१४मध्ये मॅट डॅनियल्स याने प्रत्येक रॅपरचे पहिले ३५ हजार शब्द घेऊन त्यांत वेगवेगळे शब्द किती, हे मोजले. एसॉप रॉक ७,३९२ शब्दांनिशी पहिला आला. तुलनेसाठी घेतलेल्या शेक्सपिअरचे ५,१७० शब्द भरले. म्हणजे बिचारा पहिल्या पाचातही बसला नाही. डीएमएक्स शेवटचा आला. त्याचा कुत्र्यासारखा गुरगुराट शब्द म्हणून धरला होता की नाही, यावर त्याच्या चाहत्यांचा आक्षेप असणे स्वाभाविक आहे.

चौथा निकष रचनेचा, आणि खरी विद्वत्ता येथे पणाला लागते. आधीचे रॅपर बहुधा ओळीच्या शेवटी यमक जुळवून मोकळे होत. १९८७मध्ये एरिक बी आणि राकिम यांचा ‘पेड इन फुल’ आला. राकिमने यमके ओळीच्या पोटात पेरली आणि वाक्य एका ओळीतून दुसरीत वाहू दिले. तो सॅक्सोफोन वाजवत असे आणि जॉन कोल्ट्रेनच्या जॅझचा त्याच्यावर प्रभाव होता. मोरोपंतांच्या वाचकाला यमकाची ही कसरत ओळखीची वाटेल. राकिमचे नाव घेणाऱ्याला वादात कोणी अडवत नाही. सगळे मान डोलावतात, आणि पुन्हा टूपाकवर येतात.

मरणोत्तर नियम : टूपाकचा खून सप्टेंबर १९९६मध्ये झाला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. बिगीचा खून मार्च १९९७मध्ये झाला, तो चोवीस वर्षांचा होता. बिगीच्या हयातीत त्याचा एकच अल्बम निघाला. दुसरा मृत्यूनंतर सोळा दिवसांनी आला. या दोघांपैकी मोठा कोण, हा वाद दोघांच्या वयापेक्षा मोठा झाला आहे. दिवंगत रॅपरला वादात मोठा लाभ असतो : त्याचा पुढचा अल्बम पडत नाही. जिवंत रॅपर मात्र वय वाढवतो, चपला विकतो, मुलाखती देतो आणि चाहत्याची मान खाली घालतो. टूपाकने एप्रिल २०१२मध्ये कोचेला महोत्सवात प्रकाशप्रतिमेच्या रूपाने गाऊन मृतांमध्येही आघाडी घेतली.

युद्ध व समेट : दोन हयात रॅपर एकमेकांवर गाणी करतात, तेव्हा त्या गाण्यांना ‘डिस ट्रॅक’ म्हणतात. २००१मध्ये जे-झी आणि नास यांच्यात असे युद्ध झाले. जे-झीच्या गाण्याला नासने ‘ईथर’ या गाण्याने उत्तर दिले. तेव्हापासून एखाद्याला गाण्यात भुईसपाट करणे याला ‘ईथर करणे’ असे क्रियापदच झाले. २००५मध्ये दोघे एका मंचावर आले, समेट झाला. पुढच्या वर्षी नासने डेफ जॅम कंपनीशी करार केला, तेव्हा कंपनीचा अध्यक्ष जे-झी होता. चाहत्यांनी हा समेट मान्य केलेला नाही. ज्यांचे भांडण होते ते एका ताटात जेवले, पण पंगतीत लाथाळी चालूच आहे.

भूगोल : न्यूयॉर्क हे या कलेचे जन्मस्थान असल्याने तेथील चाहत्यांना इतर शहरे नकाशावर दिसत नाहीत. १९९५मध्ये ‘द सोर्स’ मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या गटाला नवोदितांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आज त्याच आउटकास्टमधला आंद्रे ३००० अनेकांच्या पाचात असतो. त्याने रॅपचा एकही एकल अल्बम केलेला नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये अखेर एकल अल्बम काढला, त्यात सत्याऐंशी मिनिटे बासरीवादन आहे आणि शब्द एकही नाही. त्याचे स्थान त्यामुळे डळमळले नाही. न बोलता टिकलेला तो बहुधा एकमेव रॅपर असावा.

मुखवट्याचा पोटभेद : ज्यांना पाचातली चार नावे सर्वांसारखी आल्याने संकोच होतो, ते पाचवे नाव एमएफ डूमचे घेतात. तो धातूचा मुखवटा घालून गात असे. काही कार्यक्रमांना त्याने स्वतः न जाता मुखवटा घातलेला दुसराच माणूस पाठवला. तिकीट काढलेल्यांनी याला फसवणूक म्हटले. न काढलेल्यांनी कला म्हटले.

स्त्रिया : वादात स्त्रियांसाठी मुंबईच्या लोकलप्रमाणे वेगळा डबा आहे. रोक्सान शांटेने १९८४मध्ये चौदाव्या वर्षी गाजवलेले गाणे आरंभीच्या ‘डिस ट्रॅक’पैकी एक आहे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिला हरवण्यात आले. मुलगी विजेती झाली तर या कलेला कोण गांभीर्याने घेईल, या विचाराने गुण कमी दिल्याचे एका परीक्षकाने पुढे कबूल केले. लॉरिन हिलच्या १९९८च्या अल्बमला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळाला. हिपहॉपला तो मान प्रथमच मिळत होता. तिचे नाव निघाले की ‘पण अल्बम एकच’ असे उत्तर तयार असते. बिगीच्या वेळी हे गणित कोणी काढत नाही.

लवाद : हिपहॉपच्या पन्नाशीनिमित्त २०२३मध्ये ‘बिलबोर्ड’ आणि ‘व्हाइब’ यांनी पन्नास रॅपरांची संयुक्त यादी जाहीर केली. जे-झी पहिला, केंड्रिक दुसरा, नास तिसरा, टूपाक चौथा, एमिनेम पाचवा. बिगी सहावा आला आणि तेवढ्यावरून यादी रद्दबातल ठरली. पहिल्या दहांत एकच स्त्री होती, निकी मिनाज, तीही दहावी. त्यावरून मात्र फारसा गोंधळ झाला नाही.

त्यानंतरचा मोठा प्रसंग २०२४चा. ड्रेकच्या एका गाण्यात जे. कोलने केंड्रिक, ड्रेक आणि स्वतः अशी तीन मोठ्यांची मोट बांधली होती. केंड्रिकने तिघांतला एकच मोठा असल्याचे जाहीर केले. जे. कोलने प्रत्युत्तराचे गाणे काढले आणि दोनच दिवसांत स्वतःच्या महोत्सवात त्याबद्दल माफी मागून ते मागे घेतले. या वादात चूक कबूल करणे नियमबाह्य असल्याने तो बाद झाला. मग उरलेल्या दोघांत जुंपली. केंड्रिकच्या ड्रेकविरोधी गाण्याला पाच ग्रॅमी मिळाले. त्या गाण्यावरून ड्रेकने ज्या कंपनीसाठी तो स्वतः गातो तिच्यावरच बदनामीचा दावा लावला. ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकी न्यायालयाने तो फेटाळला. रॅपच्या भांडणातली विधाने सामान्य श्रोता वस्तुस्थिती म्हणून नव्हे, मत म्हणून ऐकतो, असा निर्वाळा दिला. या विषयावरचा हा एकमेव अधिकृत निकाल असून तो चाहत्यांना लागू झालेला नाही.

महाराष्ट्रातील प्रसार : कलगीवाले आणि तुरेवाले यांच्या शाहिरी झगड्यांच्या प्रदेशात या वादाला वेगळी मशागत लागली नाही. ‘गली बॉय’ हा २०१९चा चित्रपट मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांच्या आयुष्यावरून प्रेरित आहे, आणि त्याच्या निर्मात्यांच्या श्रेयनामावलीत नासचे नाव आहे. त्याच वर्षी डिव्हाइनने नासच्या कंपनीच्या भारतीय शाखेशी करार केला. डिव्हाइन अंधेरीचा, नेझी कुर्ल्याचा. अमेरिकेतल्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या वैरात सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर होते. येथे अंधेरी-कुर्ला रस्ता आहे. दोघांनी २०१५मध्ये ‘मेरे गली में’ एकत्र गायले. त्यातले कोणाचे कडवे सरस, यावर त्या रस्त्याच्या वाहतूक कोंडीत वेळ चांगला जातो.

कारणमीमांसा : चाहत्याची यादी पाहून त्याच्या रॅपरांविषयी फारसे कळत नाही, त्याचे वय मात्र जवळपास अचूक सांगता येते. ओठावर मिसरूड फुटताना कानात जो वाजत होता तो पहिला, मोठ्या भावाच्या कॅसेटमध्ये होता तो दुसरा. तिसरे नाव अभ्यास दाखवण्यासाठी, चौथे दिवंगतांना श्रद्धांजली म्हणून आणि पाचवे भांडण सुरू करण्यासाठी असते. ज्याला स्वतःच्या तारुण्यापेक्षा दुसऱ्याचे तारुण्य सरस वाटेल असा माणूस सापडेपर्यंत वाद मिटण्याची शक्यता नाही.

पूर्वपीठिका : ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेचे नवे कपडे घेण्यासाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. मुलींना प्रवेश पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, वाजवत होता. माइकवर त्याचा मित्र कोक ला रॉक होता. तो गर्दीतल्या मित्रांची नावे पुकारत होता. हिपहॉपचा पहिला रॅपर म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. तो कोणाच्याही पाचात नाही.