जेटीवरील सल्लागार मंडळास अनावृत पत्र

सन्माननीय सल्लागार मंडळी,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरली आणि आमच्या जुन्या, दोन सिलिंडरच्या आऊटबोर्ड इंजिनाने कितीही दोरी खेचली तरी साधं खोकायलाही नकार दिला, तेव्हा आपण हातातली कामं टाकून धावून आलात. काहींच्या हातात कामं नव्हती, तेही धावले. या उपकारांची जाहीर पोच देणं भाग आहे.

सर्वप्रथम कार्बोरेटर-पंथाच्या ज्येष्ठांना दंडवत. आपलं निदान कव्हर उघडायच्या आधी तयार असतं, हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. मी दोन्ही प्लग काढले. ते ओले होते, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत होतं. मग प्लग टोपीत बसवून त्यांची लोखंडी अंगं भोकांपासून लांब, हेडच्या धातूला टेकवली (भोकातून पेट्रोलची वाफ उडते, तिथे ठिणगी पाडायची हौस नको) आणि ताडपत्रीच्या सावलीत दोरी मारली. ना निळी ठिणगी, ना पिवळी. आपण ते डोळ्यांनी पाहिलंत आणि म्हणालात, “कार्बोरेटरच.” निष्ठा असावी तर अशी.

प्लगवाल्यांच्या आग्रहाखातर नवे प्लगही आणले. तेही गप्प बसले. कॉइलवाले म्हणाले, दोन्ही कॉइल बदला. आता या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल, स्वतंत्र पॉइंट आणि स्वतंत्र कंडेन्सर. दोन कॉइल ठरवून एकाच मुहूर्तावर मरतील का, असा माझा बाळबोध प्रश्न होता. दोन्हीकडचा करंट एकदम गेला, तर आधी दोघांच्या सामाईक जागी बघावं ना? पण कॉइलच्या किमतीवर चर्चा इतकी रंगली होती, की मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

जीपवाल्या सदस्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानू? बारा व्होल्टची बॅटरी आणून वायर थेट कॉइलला लावायची त्यांची तयारी होती. साहेब, हा मॅग्नेटो आहे. याला बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधले लोहचुंबक कॉइलजवळून फिरतात, पॉइंट मिटलेले असेपर्यंत आतल्या जाड वेटोळ्यात करंट वाहतो, पॉइंट उघडले की तो तुटतो आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळून प्लगच्या फटीत ठिणगी पडते. बाहेरची बॅटरी लावली असती तर कॉइल भाजून निघाली असती. मग कॉइल बदला म्हणणाऱ्यांचं भाकीत मात्र खरं ठरलं असतं.

आपल्यातले एक जण सत्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत येऊन परतले, त्याची हळहळ वाटते. “बंद करायच्या बटणाची वायर तुटली असणार,” असं ते ठामपणे म्हणाले. जुन्या मोटारीत चावीची वायर तुटली की ठिणगी जाते, हे बरोबर. मॅग्नेटोचा न्याय उलटा. इथे बटण दाबलं की कॉइलचा करंट अर्थ होतो आणि इंजिन थांबतं. वायर नुसतीच तुटली असती तर इंजिन सुरू झालं असतं, बंद झालं नसतं. ते बंद पडलं आहे म्हणजे बटण कोणी न दाबताच दाबलेलं आहे. स्विचकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी मी सोडवल्या आणि पुन्हा दोरी मारली. वरच्या सिलिंडरला टचकन निळी ठिणगी. स्विच उघडला तर आत खारं पाणी आणि पितळेवर चढलेला हिरवा कळंक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

यावर मंडळाने एकमताने ठराव केला, की स्विच फेकून द्यावा आणि चोक ओढून इंजिन बंद करत जावं. माणूस पाण्यात पडला आणि होडी त्याच्याभोवती फिरू लागली, तर चोक ओढायला कोण पोहत येणार, हे ठरावात नमूद नाही. मी नवा स्विच बसवला. मंडळाची क्षमा असावी.

खालचा सिलिंडर अजून रुसलेलाच होता. त्यासाठी फ्लायव्हील उतरवायचं, तर हातोडीवाले पुढे सरसावले. फ्लायव्हीलला पुलर लावतात हो, घाव घालत नाहीत. चुंबक आणि क्रँकचं बेअरिंग, दोघांनाही ते मानवत नाही. पुलर लावून चाक उचललं. पावसाळाभर झावळ्यांच्या खोपीत खारी हवा खाऊन खालच्या पॉइंटवर राखाडी पापुद्रा आला होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात चेतक आडवी पाडून पॉइंट घासले आहेत, त्यांना या पापुद्र्याची ओळख करून द्यायला नको. बारीक पॉलिश पेपरने हलका हात फिरवला, मग पेट्रोलात भिजवलेला लग्नपत्रिकेचा कोरा तुकडा पॉइंटमधून ओढला. सोनेरी छपाईचा तुकडा घेऊ नये आणि घासल्यावर बोटही लावू नये, पॉइंट पुन्हा बिघडवायला बोटाचं तेल पुरेसं असतं. फीलर गेजने फट वीस थाऊ धरली, म्हणजे साधारण अर्धा मिलीमीटर. ठिणगी आली, पण पिवळट, मरतुकडी. कंडेन्सर बदलला तेव्हा निळी झाली आणि कडाडली. कंडेन्सरचं नाव आपल्यापैकी एकानेही घेतलं नव्हतं. बहुधा दिसायला फारच लहान.

इंजिन सध्या दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला चालू होतं. “कार्बोरेटर आपोआप साफ झाला असणार,” हे आपलं स्पष्टीकरण मला पोचलं आहे.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
दोरी खेचणारा

ता. क. काल इंजिन चालू असताना थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक वाटली. पंपाचं रबरी इंपेलर बघायला हवं. हे मी अजून कोणालाच बोललेलो नाही, तरी आज सकाळपासून तिघे जण जेटीवर येऊन कार्बोरेटर उघडायला सांगून गेले.