उजवीकून बे, उजवीकून!

नसती विद्या शिकून ती फुकट वाटत फिरणारा एक माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. आमच्या धरमपेठेत ते घनश्यामकाका. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, हे हिब्रूत शिरले. तर्री-पोह्याच्या टपरीवर, लग्नात आहेराच्या पाकिटावर, एकदा तर दहाव्याला घाटावर, काका खिशातून पेन काढणार आणि तुमचं नाव हिब्रूत लिहून हातात ठेवणार. तुम्ही सवयीनं डावीकडून बघायला लागलात की ओरडणार, “उजवीकून बे, उजवीकून!”

अक्षरं सगळी मिळून २२. त्यात घ नाही, भ नाही, ळ नाही. त्यामुळे घोडमारे काकांकडे गेले आणि गोडमारे होऊन परत आले. बाळ्याचा बाल्या झाला. मी ळ कुठे गेला विचारलं, तर म्हणाले, “आपल्या मोडीत तरी ऱ्हस्व-दीर्घ कुठं होतं? कारभार चाललाच ना?”

एका पोरानं त्यांच्याकडून मैत्रिणीचं नाव लिहून घेतलं, मीरा, आणि दंडावर गोंदवलं. गोंदणाऱ्यानं मेम, योद, रेश, “हे” ही अक्षरं आपल्या सवयीनं डावीकडून मांडली. उजवीकडून वाचल्यावर झालं हरीम, म्हणजे डोंगर! पोरीनं बोलणं टाकलं. काकांचं दुःख वेगळंच. “अबे, शेवटी मेम आला तर चौकोनी काढतात! यानं उघडाच ठेवला.”

पुढे उजवीकडचं वेड इतकं वाढलं की बँकेच्या फॉर्मातल्या चौकटीही त्यांनी उजवीकडून भरल्या. कारकुनानं फॉर्म परत केला, तर काका त्याचंच नाव त्यावर लिहून आले. उजवीकून.

एकदा वैतागून विचारलं, “काका, मराठी माणसाला हिब्रू कायले पाहिजे?” त्यांनी कोकणातले बेने इस्रायल ज्यू काढले. तिथं उलटं घडलं, हिब्रू नावं मराठी झाली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी. कंपनीच्या पलटणीतला हा माणूस टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि त्यानं १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधलं. “नावं दोन, पण लोकायनं माणूस एकच धरला ना,” काका म्हणाले आणि गप्प बसले. ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

कारण काकांचे तीन झाले आहेत. आधारवर घनशाम, पासबुकात घनश्याम, सेवापुस्तकात गणशाम. तिघांपैकी पेन्शन कोणाची, यावर फाइल अडली आहे. प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात छापून झालं, आता नवं प्रतिज्ञापत्र मागितलंय. हिब्रूतही त्यांच्या घचा ग होतो, पण तो दर वेळी तोच होतो. शेवटचा मेम ते सावकाश काढतात, चौकोनी, चारही बाजूंनी बंद.

धरमपेठेत भेटले तर नाव लिहून घ्या, पैसे घेत नाहीत. आणि पेन्शनच्या कार्यालयात कोणी ओळखीचं असेल, तर तेवढं बघा.