ऊन पाण्याचा कारभार

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, पारा दहाच्या खाली उतरला असताना, रामकुंडाच्या पायऱ्या उतरून हाडे गोठविणाऱ्या गोदावरीत निःशंकपणे बुडी मारणारा भाविक तासाभराने पंचवटीतल्या आपल्या लॉजवर परतला, की बादलीत बोट बुडवून ‘पाणी कोमट आहे’ अशी तक्रार गुदरतो, यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी लॉजचा धंदा केलेला नाही, एवढेच म्हणावे लागेल. रामकुंडावरचे स्नान पुण्यासाठी असते आणि पुण्याचा भाव कोणीच ठरविलेला नाही. लॉजवरील स्नानाचे पैसे मात्र आगाऊ भरलेले असतात.

हे तत्त्व आयुष्यभर पचविलेले माझे भाऊजी तेथे चोवीस खोल्यांचा लॉज चालवितात. दर्शनी भागी ‘चोवीस तास गरम पाणी’ अशी पाटी असून तिच्याखाली, अधू दृष्टीच्या गिऱ्हाइकास उगाच वाचण्याचे श्रम पडू नयेत इतक्या बारीक अक्षरांत, ‘सकाळी ५ ते ८’ असा खुलासा आहे. मागील अंगणातल्या लाकडी बॉयलरच्या धुराविरुद्ध शेजाऱ्यांचे अर्जफाटे सुरू झाले, तेव्हा नव्या यंत्राची तजवीज करणे प्राप्त झाले. आणि मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असल्याकारणाने, “एवढं शास्त्र शिकवतोस, मग पाणी कशावर तापवावं तेवढं सांग,” असे फर्मान सुटले.

प्रथम रुजू झाले ते सौरयंत्राचे प्रतिनिधी. सूर्यनारायण बिल पाठवीत नाही, हा त्यांचा मुद्दा निर्विवाद होता. परंतु हजार लिटरांसाठी गच्चीवर सुमारे २० चौरस मीटर तावदाने मांडावी लागणार होती, आणि श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वराच्या यात्रेकरूंनी लॉज ओसंडून वाहत असताना नेमका तोच सूर्यनारायण ढगांआड दीर्घ रजेवर असतो, याची दाद कोणाकडे मागावी हे त्यांनी सांगितले नाही. गॅसवाल्यांनी १९ किलोच्या निळ्या टाकीचे गुणगान केले. मात्र कोंदट जागेत ज्योत जळाली तर कार्बन मोनॉक्साइड हा निर्गंध वायू माणसाचा प्राण निमूटपणे घेतो, ही बाब त्यांच्या रंगीत माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाशी होती. नंतर आलेल्या विजेरी गीझरवाल्याने तर प्रत्येक न्हाणीघरात ‘क्षणात ऊन पाणी’ देण्याची बिनशर्त कबुली दिली.

तेव्हा मी कागद पुढे ओढला. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. चोवीस खोल्या, खोलीत दोघे, माणशी २० लिटरांची बादली, असे ९६० लिटर पाणी हिवाळ्यात १७ अंशांवरून अंगाला मानवणाऱ्या ४२ अंशांवर न्यायचे, तर सुमारे २८ युनिटे खर्ची पडतात. हे काम रात्रीच्या आठ तासांत उरकल्यास साडेतीन किलोवॉटांचा भार पुरतो. सर्वांना एकाच तासात, तत्क्षणी तापवून द्यायचे म्हटले, तर २८ किलोवॉट हवेत, आणि तेवढ्या वाढीव भाराची दरखास्त मंजूर होईपर्यंत अभिषेकाचे मुहूर्त टळून गेले असते. सारांश, प्रश्न पाणी किती लागते हा नसून, ते कोण किती वाजता मागतो, हा होता. आणि त्याचे उत्तर एकाही विक्रेत्याच्या दप्तरात नव्हते.

ते होते बॉयलरवरच्या मामांकडे. वर्षानुवर्षे पहाटे साडेतीनला ढलप्या पेटविणाऱ्या, भुवयांवर राखेचा पातळ थर कायमचा वागविणाऱ्या या गृहस्थाची मसलत कोणी घेतलीच नव्हती. फुंकणी खाली ठेवून मामा म्हणाले, “साहेब, अभिषेकवाले साडेचारला उठतात, त्यांचं एका बादलीत भागतं. सहलीची पोरं आठला उठतात, ती नळ सोडून गप्पा मारतात. आणि लग्नाची मंडळी उतरली, तर नवरदेवाचा मामा एकटा तीन बादल्या घेतो, तोही बरोब्बर सगळ्यांच्या आधी.”

या कैफियतीवर निकाल सोपा झाला. हवेतील उष्णता ओढून पाण्यात भरणारा, एका युनिटाच्या मोबदल्यात सुमारे तीन युनिटांचे काम करणारा हीट पंप. त्याचा जोर थंडीत नेमका ओसरतो म्हणून मदतीला विजेचे कॉइल. आणि रात्रभर तापलेले पाणी राखणारी हजार लिटरांची वेष्टित टाकी. टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवायचे, कारण कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू सुखेनैव नांदतात. विसण ज्याने त्याने आपल्या बादलीत घालावे. कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार वेळोवेळी खरवडून काढण्याचा अधिकार मामांकडे सोपविण्यात आला, आणि ढलप्यांचा कारभार सुटल्याचे त्यांचे दुःख निम्मे झाले.

यंत्र सुरू झाले ते माघात. पहिल्याच पहाटे एक वयोवृद्ध गृहस्थ पंचा गुंडाळून काउंटरपाशी उभे राहिले. माघस्नानाचे व्रत असल्याने आपण गार पाण्यानेच आंघोळ केली, सबब ऊन पाण्याचे पैसे भाड्यातून वजा करावेत, असे त्यांचे म्हणणे पडले. भाऊजींनी शांतपणे माझा कागद काढला. बादलीमागे ५०० किलोकॅलरी, त्याचे हीट पंपाने एक पंचमांश युनिट, असा हिशेब व्यापारी दराने मांडला, आणि दोन रुपयांचे नाणे गल्ल्यातून काढून अदबीने पुढे केले. आजोबांनी ते निरखून पाहिले, कनवटीला लावले, आणि म्हणाले, “दोन खोल्या आहेत आमच्या. व्रत सगळ्यांचंच आहे.”