पंचावन्न गुंठ्यांचा ब्राझील

आमच्या आंबेगाव तालुक्यात माणसाची पत हल्ली सातबाऱ्यावरून ठरत नाही, पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून ठरते. ठिबक बघायला इस्राएल आणि हरितगृह बघायला नेदरलँड्स, हे तर मंचरच्या बाजाराला जाऊन आल्यासारखं झालंय. म्हणून गणपतीच्या आधी मी निरगुडसरहून निघालो तो थेट ब्राझीलला. ऊस बघायला. घराच्या मागच्या दारातून जो दिसतो आणि ज्यात बिबट्याची मादी विते, तोच.

दुबईहून पुढं पंधरा तासांचं विमान. बिस्कीट आणि पनीर खाऊन कंटाळलेल्या आमच्या टोळीनं मासवडी काढली, तेव्हा कुठं प्रवासाला निघाल्यासारखं वाटलं. उतरलो तर तिथं चहाची वेळ, आणि गावाकडं रात्रीच्या लाइटीवर लोक दारं धरायला निघालेले. साडेआठ तासांचा फरक. पहिले दोन दिवस आम्ही अभ्यास केला तो झोपेचाच.

तिसऱ्या दिवशी साओ पावलो राज्यातला एक मळा दाखवला. मळा कसला, बसमधून तासभर गेलं तरी ऊसच. बांध नाही, बांधावर बाभळ नाही, बाभळीवरून कोर्टातली तारीख नाही. मला तर भीतीच वाटली. दाखवणाऱ्या साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारलं, तुमचं क्षेत्र किती? मी छाती काढून सांगितलं, पंचावन्न गुंठे. गुंठ्याला पोर्तुगीज शब्द सापडेना. शेवटी अर्धा हेक्टर असं काहीतरी झालं. साहेब आदरानं म्हणाले, ‘घराभोवतीची जागा मोठी आहे तुमची. आणि शेती?’

मग तोडणी यंत्र. एका बाजूनं ऊस गिळतं, दुसऱ्या बाजूनं कांड्या ओकतं, रात्रंदिवस. एकदा लावलेला ऊस पाचपाच वर्षं तोडतात. आपण दुसऱ्या खोडव्यालाच नांगर घालतो. यंत्राचं कौतुक सगळ्यांनी केलं, फोटो सगळ्यांनी काढले. फक्त आमच्यातले एक काका शेताच्या टोकाशी पावलं टाकत होते. म्हणाले, ‘हे वळायला जेवढी जागा घेतंय ना, तेवढ्यात आमच्या भावकीचे तीन वाटे बसतात.’ अख्ख्या दौऱ्यातलं हे एकमेव संशोधन. अहवालात ते आलं नाही.

पंपावर पेट्रोल आणि इथेनॉल शेजारीशेजारी. १९७५ पासून त्यांचा हा अल्कोहोलचा कार्यक्रम चाललाय आणि २००३ पासून तिथल्या गाड्या दोन्ही पितात. ड्रायव्हर मनातल्या मनात हिशेब करतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल भर. आपल्याकडं वीस टक्के मिसळलं तर गाडीचं काय होईल, यावर पारावर भांडणं लागतात. संध्याकाळी आमच्यातल्या माळकऱ्यांपुढं एक पेला आला. काय आहे? उसाचंच आहे, लिंबू पिळलंय, बर्फ घातलाय. गुऱ्हाळावरचा रस समजून दोन पेले झाले. नंतर कळलं की रस आंबवून, भट्टीतून काढून आणलेला होता. पण मूळ उसाचंच, त्यामुळं माळेला धक्का नाही, असा ठराव एकमतानं झाला.

एका गोठ्यात गीर गाई दाखवल्या. यांचे पूर्वज गेल्या शतकात काठेवाडातून बोटीनं तिकडं गेले. त्यांनी जपल्या, वाढवल्या, होल्स्टीनशी जुळवून गिरोलांडो नावाची जात काढली. आम्ही आपल्याच गाईसोबत सेल्फी काढायला सातासमुद्रापार गेलो, खर्च प्रत्येकाचा आपापला. आणि बिबट्या? उसात प्यूमा असतो, असं साहेब म्हणाले. तेव्हा सगळ्या टोळीला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

परतल्यावर सत्कार. शाल, नारळ, ‘ब्राझीलच्या धर्तीवर’ हे शब्द चार भाषणांत मिळून मी अकरा वेळा मोजले.

डिसेंबरात आमच्या फडात टोळी उतरली, बीडकडची. ही माणसं दरसाल मुकादमाची उचल घेऊन, पोरंबाळं नि भांडीकुंडी गाडीत घालून एवढ्या लांब येतात आणि पाच महिने कोपीत काढतात. त्याला अभ्यास दौरा म्हणत नाहीत; त्यांना शालही कुणी घालत नाही. मी ऐटीत मोबाइलवर यंत्र दाखवलं. वाढं बांधता बांधता एक बाई बघायला थांबली.

‘मंग आधी कोन तोडायचं तिकडं?’

हे मला माहीत होतं, दुभाष्यानं जाता जाता सांगितलेलं. ईशान्येकडच्या दुष्काळी मुलखातून लोक बसनं यायचे. पहाटे बांधलेला डबा फडात गारच खायचे, म्हणून त्यांना नावच पडलं ‘बोया-फ्रिया’, म्हणजे थंड जेवण. मग २००७ साली ऊस पेटवणं बंद करायचा करार झाला, न जाळलेला ऊस हातानं तोडणं परवडेना, यंत्रं आली.

बाईनं फडक्यात बांधलेल्या आपल्या भाकरीकडं पाहिलं. ‘मंग ती मानसं आता कुटं जात्यात?’

मी वही चाळली. यंत्राची किंमत होती, खोडव्याचं वेळापत्रक होतं, हॉटेलातल्या नाश्त्याच्या वेळा होत्या.

‘ते विचारायचं राहिलं,’ मी म्हणालो.

‘मंग पुडच्या खेपंला इचारा,’ म्हणाली, आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर लावलेल्या फळीवरून चढायला लागली.