हिंदी पडद्यावरच्या ‘वेड्यांच्या डॉक्टर’ला खुले पत्र

डॉक्टर,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुम्हाला तो लिहायची माझी इच्छा नाही.

सिनेमावर माझं मनापासून प्रेम आहे. मन ठिकाणावर नसताना थिएटरच्या अंधारात तीन तास बसून मी सावरलो आहे, आणि म्हणूनच तिथे तुम्ही भेटलात की संताप होतो.

तुमची कारकीर्द लांबलचक आहे. ‘ज्वेल थीफ’मध्ये (१९६७) देव आनंदने स्वतःला विनय नव्हे, अमर समजावं म्हणून त्याला विजेचे झटके दिले गेले. ‘ख़ामोशी’त (१९६९) तुम्ही कर्नल होतात. प्रेमभंगाने कोसळलेल्या रुग्णापुढे परिचारिकेने प्रेमाचं नाटक करायचं, हा तुमचा उपचार! एकदा जमला म्हणून पुन्हा तिलाच जुंपलंत आणि अखेर ती परिचारिका, वहिदा रेहमान, स्वतःच रुग्ण होऊन बंद दाराआड गेली. त्या सिनेमाने निदान तुमच्या प्रयोगाची किंमत कुणी मोजली ते दाखवलं. तो मी पुन्हाही पाहीन. पण ‘क्यों की’त (२००५) रुग्ण तुमच्या मुलीच्या प्रेमात पडला, म्हणून त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून तुम्ही त्याला जिवंत प्रेत केलंत. दोनच वर्षांनी ‘भूलभुलैया’त तुम्ही मांत्रिकाच्या साथीने सूडाचा देखावा उभारलात आणि विद्या बालन एका रात्रीत बरी झाली. आमच्या घरांत असं एका रात्रीत कुणी बरं होत नाही, डॉक्टर.

माझ्या मावशीला तीव्र नैराश्याने गाठलं. जेवण सुटलं, मग बोलणंही. मानसोपचारतज्ज्ञांनी ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्यांची उपचारपद्धत, सुचवली आणि काका उठूनच उभे राहिले: ‘शॉक देऊन पुरती वेडी करायचीय का तिला?’ काकांनी या आजाराबद्दल एक ओळ वाचलेली नव्हती. त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं. हातपाय बांधलेला रुग्ण, पांढऱ्या कोटातले तुम्ही, मग किंकाळी. पुढे मावशीला उपचार मिळाले, ती स्वयंपाकघरात परतली, पण त्याआधीचे कित्येक महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. ते महिने मी तुमच्या नावावर मांडतो.

१९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी ईसीटी पहिल्यांदा वापरली तेव्हा भूल दिली जात नव्हती. त्या काळातली भीती खरी होती. आज भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात, मग काही सेकंद विद्युतप्रवाह. रुग्ण झोपलेला असतो. काही गोष्टींचं विस्मरण होऊ शकतं आणि त्याची कल्पना आधी द्यावी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने भूल आणि ते औषध न देता ईसीटी करायला मनाई केली आहे. रुग्णाला साखळीने बांधायलाही. म्हणजे तुमचा गाजलेला प्रवेश आज चक्क बेकायदा आहे.

आणि सिनेमाला दुसरं काही जमत नाही, ही सबब सांगू नका. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनिया दाखवला तो एका भावाचा आणि त्याला सांभाळताना दमणाऱ्या बहिणीचा. अतुल कुलकर्णीचा शेष पाहून हसू येत नाही, किळस येत नाही. आपल्या ओळखीच्या घरातलं कुणीतरी आठवतं. त्यांच्याच ‘कासव’मध्ये जीव द्यायला निघालेल्या मुलाला नैराश्य भोगलेली बाई घरी आणते आणि वाट पाहते. नुसती वाट पाहते! ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. त्याच्या निर्मात्यांपैकी एक, मोहन आगाशे, स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. खरा डॉक्टर सिनेमात आला की काय घडतं ते पाहून घ्या.

तुम्ही आता पडदा सोडा. तुम्हाला जन्म देणाऱ्या लेखकांनी पुढचा प्रवेश लिहिण्याआधी ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयात जाऊन तिथल्या डॉक्टरांशी, नातेवाइकांशी बोलावं. ‘याला ठाण्याला पाठवा’ असं आपण ज्या गावांच्या नावाने चिडवतो, तिथून माणसं बरी होऊन घरी येतात.

आणि वाचकहो, घरात कुणी असं गप्प झालं असेल तर या डॉक्टरला आठवून थांबू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तुमच्या सिनेमाचा एक प्रेक्षक